नागपूरचा मे महिना आणि कॅबिनेटचे तीन पंखे

पंखा मोठ्याने वाजतो याचा त्रास कमी, तो सारखा वेग बदलतो याचा त्रास जास्त. घरी बसून मराठी ऑडिओबुकं रेकॉर्ड करायला लागल्यापासून माझं हे मत पक्कं होत गेलंय. एकाच सुरातली घरघर कान थोड्या वेळात सोडून देतो. छताचा पंखा रात्रभर फिरतो आणि आपण खुशाल झोपतो. पण टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला पंखा दर अर्ध्या मिनिटाला वर चढून खाली उतरत असेल, तर प्रत्येक चढाला लक्ष तिकडे जातंच. वाचताना तर हमखास जातं.

माइकचीही तीच गत. आवाज साफ करताना मी आधी दोन-तीन सेकंद काहीही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करते. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन तेवढ्या तुकड्यावरून पार्श्वभूमीच्या आवाजाचा नमुना घेतं आणि तो नमुना सगळ्या फाइलमधून कमी करतं. नमुना घेताना पंखा 700 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 700 फेऱ्यांवर, असेल आणि परिच्छेदाच्या मध्यावर तो 1100 वर गेला, तर ही वजाबाकी बसत नाही. शब्दांच्या शेवटाला एक धातूची किणकिण उरते, आणि ती मूळ घरघरीपेक्षाही वाईट लागते. ऑडिओबुकच्या कामात शांत जागेचा आवाज उणे 60 डेसिबलच्या खाली असावा अशी अट बहुधा असते. स्थिर घरघरीतून तिथपर्यंत पोचता येतं. वरखाली होणाऱ्या घरघरीतून पोचणं फार अवघड.

म्हणून मी ‘पंखे शक्य तितके हळू’ या मागे लागले नाही. पंख्यांनी आपला वेग उगाच बदलू नये, आणि बदललाच तर इतक्या सावकाश बदलावा की कळू नये, एवढंच ठरवलं. पुढचं सगळं त्यातून आलं.

मशीन साधं आहे. रायझन 5 5600 प्रोसेसर, बी550 चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड), मधल्या पल्ल्याचं ग्राफिक्स कार्ड, कारण संध्याकाळी मुलगा त्यावर गेम खेळतो. कॅबिनेटमध्ये समोर 120 मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेतात, मागचा एक बाहेर टाकतो. बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) ज्या दुकानातून जोडून घेतलं तिथल्या मुलाला पंख्यांबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, “ताई, पंखा जोरात फिरतोय म्हणजे मशीन थंड आहे. चांगलंच आहे ना!” त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. त्याच्या दुकानात दिवसभर चार पंखे, दोन कूलर आणि रस्त्याचे भोंगे. तिथे कॅबिनेटचा आवाज ऐकू येणारच कसा?

आता हे पंखे वरखाली का होतात ते बघू. कारखान्यातून आलेल्या सेटिंगमध्ये बहुतेक बोर्ड कॅबिनेटचे पंखेही प्रोसेसरच्या तापमानाला बांधून ठेवतात. आणि आजच्या प्रोसेसरचं तापमान भलतंच चंचल असतं. एवढ्याशा सिलिकॉनच्या तुकड्यात सगळी उष्णता तयार होते, त्यामुळे नुसता ब्राउझर उघडला तरी आकडा 45 वरून 60 वर जातो आणि दोन सेकंदांत परत 48 वर येतो. कॅबिनेटमधली हवा त्या दोन सेकंदांत तसूभरही तापलेली नसते. म्हणजे पंखा ज्या उष्णतेमागे धावतो ती त्याच्यापर्यंत अजून पोचलेलीच नसते. प्रोसेसरच्या हीटसिंकवरच्या, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरच्या, पंख्याने थोडं धावणं समजू शकतं. कॅबिनेटच्या पंख्यांचं काम मात्र संथ आहे. आतली साचलेली गरम हवा बदलायची, बस.

तेव्हा पहिलं काम, कॅबिनेटच्या पंख्यांचा प्रोसेसरशी असलेला संबंध तोडायचा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जायचं. असूसच्या बोर्डांवर याला क्यू-फॅन म्हणतात, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन, एमएसआयवर हार्डवेअर मॉनिटरच्या पानात हे सापडतं, ॲसरॉकवर फॅन-टॅस्टिक ट्यूनिंग. प्रत्येक पंख्यापुढे तापमानाचा ‘सोर्स’ निवडायची सोय असते. तिथे सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) काढून मदरबोर्ड किंवा सिस्टिम असा सेन्सर ठेवायचा. हा आकडा हळूहळू हलतो. गेम सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत चार-सहा अंश चढतो, बंद केल्यावर तितक्याच संथपणे उतरतो. एवढा एक बदल केला तरी निम्मी कटकट संपते.

त्याच पानावर स्टेप अप टाइम, स्मूदिंग किंवा इंटरव्हल अशा नावांचा एक छोटा पर्याय असतो, आणि लोक तो बघतही नाहीत. तापमान बदलल्यावर पंख्याने किती वेळ थांबून प्रतिसाद द्यायचा ते यातून ठरतं. प्रोसेसरच्या पंख्यासाठी मी तो बोर्ड देईल तितका जास्त ठेवलाय. इंटरव्हल हा पर्याय मात्र वेळेत नाही, अंशांत असतो. तीन अंशांचा ठेवला, तर एक-दोन अंशांच्या हालचालीकडे पंखा लक्षच देत नाही.

वायरींचं थोडं सांगायला हवं, कारण यात पुष्कळांचा गोंधळ होतो. तीन पिनांच्या पंख्यात एक वायर ग्राउंडची, एक 12 व्होल्टची आणि एक वेग सांगणारी. याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेजच कमी करावं लागतं. चार पिनांच्या पंख्यात चौथी वायर हुकमाची. पंख्याला 12 व्होल्ट कायम मिळत राहतात आणि चौथ्या वायरीवरून सेकंदाला सुमारे 25 हजार वेळा चालू-बंद असा इशारा जातो. चालूचा वाटा जितका जास्त तितका वेग जास्त. हीच पीडब्ल्यूएम पद्धत. 25 किलोहर्ट्झ माणसाच्या कानाच्या पलीकडे असल्यामुळे त्या इशाऱ्याचा स्वतःचा आवाज येत नाही. आता गंमत अशी की तीन पिनांचा पंखा बोर्डावरच्या चार पिनांच्या जागेत सहज बसतो. पण बोर्ड पीडब्ल्यूएमवर ठेवलेला असेल, तर त्या पंख्याला हुकूम ऐकायची सोयच नसते आणि तो पूर्ण वेगाने फिरत राहतो. ‘काहीही केलं तरी पंखा कमी होत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हे बघा. बायोसमध्ये त्या जागेपुढे डीसी मोड (व्होल्टेजने वेग ठरवणारा) केला की पंखा ताळ्यावर येतो. डीसीमध्ये व्होल्टेज फार खाली नेऊ नका मात्र. चालू असलेला पंखा कमी व्होल्टेजवर फिरत राहतो, पण थांबलेल्याला सुटायला जास्त जोर लागतो. मग तो सकाळी नुसता टिकटिक करत जागीच थरथरतो.

एका जागेवर दोन पंखे लावायचे तर स्प्लिटर चालतो. बहुतेक बोर्डांची एक जागा 1 अँपिअरपर्यंत झेपवते आणि 120 मिलिमीटरचा साधा पंखा त्याच्या बराच खाली असतो. चांगल्या स्प्लिटरच्या दुसऱ्या टोकाला वेग सांगणारी पिन मुद्दाम काढलेली असते. ती तुटलेली नसते. दोन पंख्यांनी एकदमच वेग कळवला तर बोर्ड गोंधळतो म्हणून ती सोय केलेली असते.

मग किती हळू फिरवले तर चालतील? इथे हिशोब मनाला धीर देतो. समजा गेम चालू असताना कॅबिनेटमध्ये 200 वॉट उष्णता तयार होतेय आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा 10 अंशांनी गरम झालेली चालणार आहे. तर मिनिटाला सुमारे 35 घनफूट हवा पुरते. एवढी हवा संथ फिरणारे दोन पंखे जाळीतूनही आत आणू शकतात. हवा दुप्पट केली तर फरक 10 चा 5 अंशांवर येईल. चौपट केली तर अडीच. म्हणजे पहिल्या काही घनफुटांना जी किंमत आहे ती पुढच्यांना नाही. आवाजाचं गणित मात्र उलट्या दिशेने धावतं. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, आणि 10 डेसिबल उतरले तरी कानाला तो जवळपास निम्मा वाटतो. 1200 वरून 800 आरपीएमवर आलात, तर हवा एक-तृतीयांशाने घटते आणि आवाज जवळजवळ 9 डेसिबलने. यातूनच आणखी एक गोष्ट निघते. 1200 वरच्या एका पंख्याऐवजी 600 वरचे दोन लावले तर हवा ढोबळमानाने तेवढीच, आणि दोन पंख्यांचे 3 डेसिबल मिळवूनही आवाज 12 डेसिबलने कमी. शांतता हवी असेल तर पंखे वाढवावेत, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ते खरं आहे.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. वक्र, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरवायचा ती रेघ, आखण्याआधी मी एका रात्री घर झोपल्यावर प्रत्येक पंखा वेगळा ऐकला. विंडोजवर फॅनकंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात पंख्याचा टक्का हाताने ठरवता येतो. दोन पंख्यांचे कनेक्टर काढून ठेवले, एकच चालू. 30 टक्क्यांपासून दोन-दोन टक्के वर जायचं, प्रत्येक पायरीवर थांबायचं, ऐकायचं, वहीत लिहायचं. आवाज सरळ चढत जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. समोरचा वरचा पंखा 860 पर्यंत नुसता वाऱ्याचा सुस्कारा होता. 900 ला आला आणि कुठून तरी ‘हूंऽऽ’ असा जाड सूर सुरू झाला. 980 च्या पुढे गेल्यावर तो गेला, आणि 1000 ला पंखा 920 पेक्षा चक्क शांत वाटला. परत 920 वर आणून मी कॅबिनेटवर हात फिरवत गेले. वरच्या पत्र्यावर काही नाही, पुढच्या जाळीवर काही नाही. बाजूच्या पत्र्याच्या मधोमध तळवा टेकवला आणि सूर तोडल्यासारखा बंद झाला. उचलला की परत सुरू. पंखा निर्दोष होता. त्याची थरथर आणि त्या पातळ पत्र्याची स्वतःची कंपनं त्या एका पट्ट्यात जुळत होती.

यावर दोन उपाय केले. पत्र्याला आतून डँपिंग शीटचा (कंपनं शोषणाऱ्या पट्टीचा) तळहाताएवढा तुकडा चिकटवला आणि पंख्यांचे स्क्रू काढून रबरी पिना बसवल्या. सूर निम्म्याहून कमी झाला, पण पुरता गेला नाही. म्हणून वक्रात 880 ते 990 हा पट्टाच वगळला. पंखा 870 वर थांबतो आणि गरज पडलीच तर थेट 1000 वर जातो. फॅनकंट्रोलमध्ये हे वक्राच्या दोन बिंदूंमध्ये जवळजवळ उभी रेघ आखून करता येतं. बायोसमध्येही दोन बिंदू एकाच तापमानाच्या आसपास ठेवून काम भागतं.

दुसरा शोध समोरचे दोन्ही पंखे एकदम चालू केल्यावर लागला. एकेकटे छान होते, जोडीने मात्र हवेत एक संथ हेलकावा. वॉव, वॉव, वॉव, सेकंदाला तीनेक. ज्यांनी तंबोरा लावलाय त्यांना हे लगेच कळेल. जोडीच्या दोन तारा जवळजवळ मिळाल्या आहेत पण अजून पुऱ्या मिळालेल्या नाहीत, तेव्हा जशी लहर ऐकू येते, अगदी तीच. स्क्रीनवर एक पंखा 840 दाखवत होता, दुसरा 860. नऊ पात्यांच्या पंख्याची पाती 840 आरपीएमला एका जागेवरून सेकंदाला 126 वेळा जातात, 860 ला 129 वेळा. फरक तीनचा, म्हणून तीन हेलकावे. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे पंखे, एकाच टक्क्यावर ठेवूनही नेमके एका वेगाने फिरत नाहीत. तारा मिळवाव्यात तसे ते पिळून मिळवता येत नाहीत, म्हणून मी उलटं केलं. त्यांना मुद्दाम लांब नेलं. वरचा 700 च्या आसपास, खालचा 820 च्या. हेलकावे इतके जलद झाले की कानाला ते वेगळे ओळखूच येत नाहीत, दोन्ही मिळून एक खरखरीत पण स्थिर पडदा तयार होतो. यासाठी समोरच्या दोन्ही पंख्यांना वेगवेगळ्या जागा द्याव्या लागल्या, स्प्लिटर काढून. त्याचं सार्थक झालं.

एवढं झाल्यावर काम संपलं असतं, आमचं घर पुण्यात किंवा बेंगळुरूमध्ये असतं तर. नागपूरला जानेवारीत रात्री माझ्या खोलीत 19-20 अंश असतात. मेमध्ये दुपारी कूलर चालू असूनही 33, आणि लाइट गेली की 40 च्या घरात. प्रोसेसर असो की ग्राफिक्स कार्ड, त्याचं तापमान हे खोलीच्या तापमानावर रचलेलं असतं. खोली 14 अंशांनी तापली की आतलं सगळं तेवढंच वर सरकतं. हिवाळ्यात बसवलेला वक्र ‘45 च्या वर गेलं तर वेग वाढव’ असं सांगत असेल, तर मेमध्ये मशीन नुसतं चालू केलं तरी 45 ओलांडलेलेच असतात. पंखे दिवसभर चढलेले. मशीनला कसलाही धोका नसताना. परदेशी व्हिडिओंमध्ये दाखवलेले वक्र जसेच्या तसे उचलू नयेत ते यासाठी. ते बहुधा 21-22 अंशांच्या खोलीत आखलेले असतात.

म्हणून माझ्याकडे फॅनकंट्रोलच्या तीन फाइली आहेत. हिवाळा, उन्हाळा आणि रेकॉर्डिंग. हिवाळ्याच्या फाइलमध्ये वरचा 650, खालचा 770, आणि ग्राफिक्स कार्ड 62 अंश ओलांडेपर्यंत दोन्ही जागचे हलत नाहीत. उन्हाळ्यात तोच उंबरठा 72 ला आणि पायाचा वेग थोडा वर. ग्राफिक्स कार्डाचं तापमान धरलंय, कारण गेम चालू असताना कॅबिनेट तापवणारं तेच असतं, आणि बायोसला सहसा ते दिसत नाही. सॉफ्टवेअर वापरायचं खरं कारण एवढंच. ज्यांना गेम खेळायचे नाहीत त्यांना बायोसच पुरे. तेच बरं, कारण विंडोज अडकलं तरी बायोसचे पंखे आपलं काम करत राहतात.

रेकॉर्डिंगच्या फाइलमध्ये वक्रच नाही. सगळे पंखे एका आकड्यावर ठोकलेले, प्रोसेसरचा धरून. आवाज रेकॉर्ड करणं हे प्रोसेसरला काहीच काम नसतं. तासभर एकाच वेगावर ठेवूनही तो 50-55 च्या वर जात नाही, मेमध्ये साठ. त्याची मर्यादा 90 अंशांची, आणि तिथे पोचला तर तो स्वतःच आपला वेग कमी करतो. भीती बाळगायचं कारण नाही. वाचन संपलं की आधीची फाइल परत लावायची, एवढी सवय मात्र लावून घेतलीय. एक्सपोर्टला लागलेला प्रोसेसर ठोकलेल्या पंख्यावर सोडत नाही.

उन्हाळ्यात हे सगळं रात्रीचंच. दिवसा कूलर बंद करता येत नाही आणि कूलरपुढे कॅबिनेटच्या आवाजाचं काय घेऊन बसलात. रात्री अकरानंतर कूलर बंद करायचा आणि खोली परत तापायच्या आत वीस-पंचवीस पानं वाचून घ्यायची. तेव्हा त्या तीन पंख्यांशिवाय दुसरा आवाज नसतो, म्हणून तर ही खटपट.

माइक कुठे ठेवला यानेही पंख्यांइतकाच फरक पडला, आणि तो फुकटात. माझा माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे पाठीमागून त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. कॅबिनेट आधी टेबलाच्या उजवीकडे होतं, माइकच्या कुशीत. ते बरोबर पाठीमागे सरकवलं आणि अंतरही साधारण दुप्पट केलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. छोट्या खोलीत भिंतींमुळे तितका नाही उतरत, पण मीटरवर दिसण्याइतका उतरला.

पंखे सगळे संथ करूनही जर बारीक चिर्रर्र असा सूर येत असेल आणि तो गेमच्या दृश्याबरोबर बदलत असेल, तर पंख्यांना दोष देऊ नका. ग्राफिक्स कार्डाच्या किंवा एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) कॉइलमधून तो येतो, आणि पंख्याच्या कुठल्याही सेटिंगने तो जात नाही. गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या मर्यादित केली की बहुधा उतरतो. आमच्याकडे 60 वर बांधल्यावर मुलाला फरक कळला नाही, मला कळला.

राहिली धूळ. कूलरची दमट हवा आणि विदर्भाची धूळ यांचं मिश्रण फिल्टरवर नमद्यासारखं बसतं, झटकून निघत नाही. फिल्टर भरला की त्याच वेगाला हवा कमी येते, तापमान चढतं, वक्र पंखे वर ढकलतो, आणि आपण सेटिंगमध्ये काय बिघडलं ते शोधत बसतो. मी उन्हाळ्यात फिल्टर दर पंधरवड्याला साबणाच्या पाण्याने धुते आणि पूर्ण वाळल्यावरच बसवते. ब्लोअरने आतली धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी सोडली तर ती ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे गरगरतात आणि बेअरिंग खराब होतं, आणि एकदा बेअरिंग वाजायला लागलं की कुठल्याही वक्राने ते थांबत नाही, पंखाच बदलावा लागतो. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्यातून पाण्याचे बारीक शिंतोडेही येतात. आमच्याकडे मार्चमध्ये कूलरच्या ताट्या बदलतात, त्याच दिवशी मी उन्हाळ्याची फाइल लावते. हिवाळ्याची दिवाळीच्या साफसफाईला.